आशेची मुदत

(ज्ञातिसंघाच्या बोईसर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीत भर पडावी म्हणून बक्षिसांची तिकिटे काढावीत, पहिले बक्षीस दुचाकीचे ठेवावे आणि तिकिटे पालघर, बोईसर, चिंचणी, केळवे, माहीम अशा सर्व गावी ज्ञातिबांधवांकरवी खपवावीत, अशी एक सूचना ह्या वर्षी कार्यकारी मंडळापुढे आली आहे. तिजवर आम्ही आमचे मत मांडावे, असे मंडळाने आम्हांस सांगितले. महिला शाखेचा आग्रह निराळा होता. मुले मोबाईलवरील खेळांत रात्री घालवितात, काहींचे पैसेही जातात, त्याविषयी दोन शब्द बोलावेत, असे भगिनींनी सुचविले. विषय दिसावयास दोन आहेत. परंतु बोलण्याची तयारी करू लागलो तेव्हा आम्हांस ते एकच भासले. दोन्ही ठिकाणी विकावयाचा माल एकच आहे, आणि तो म्हणजे आशा.

आशेची निंदा करावयास आम्ही येथे उभे नाही. आपला किनारा आशेवरच जगत आला आहे. माहीम-केळव्याच्या वाडीत पानवेल लावणारा मनुष्य पावसाची, रोगाची आणि बाजारभावाची शाश्वती नसतानाच वेल लावतो. सातपाटीचा मच्छीमार नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात होडी लोटतो, तेव्हा जाळ्यात काय येईल हे त्यास कोणी लिहून देत नाही. परंतु ह्या आशेत ज्ञानाचा भाग असतो. भरती-ओहोटी ओळखणारा, वारा जाणणारा नाखवा नवख्यापेक्षा अधिक वेळा भरल्या होडीने परत येतो. प्रत्येक फेरी त्यास काहीतरी शिकविते. लॉटरीचे तिकीट तीस वर्षे घेणाऱ्यास एकतिसाव्या वर्षी पहिल्या दिवसापेक्षा अधिक काही येत नाही. हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा.

दुसरा भेद चिठ्ठी आणि लॉटरी ह्यांमधला. लोक दोहोंस एकाच नावाने ओळखतात आणि त्यामुळे घोटाळा होतो. आपल्या घरांतून भिशी चालते. दहा-बारा जणी दरमहा ठरलेली रक्कम जमवितात आणि चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचा पैसा मिळतो. येथे चिठ्ठी केवळ क्रम ठरविते. प्रत्येकीचा नंबर येतोच, कोणाचा पैसा बुडत नाही. (भिशी चालविणारी व्यक्ती पळून गेली तर गोष्ट वेगळी, पण तो दोष चिठ्ठीचा नव्हे.) म्हाडाच्या कोकण मंडळाने विरार-बोळींजच्या घरांसाठी सोडत काढली, तेव्हा ज्यांचे नाव निघाले नाही त्यांना अर्जाचे शुल्क वगळून अनामत रक्कम परत मिळण्याची सोय होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या जातात, आणि अर्ज जास्त आले म्हणजे तेथेही चिठ्ठीच टाकली जाते. जागा थोड्या, पात्र माणसे पुष्कळ, अशा वेळी वशिला टाळण्यासाठी माणसाला सुचलेली ही उत्तम युक्ती आहे. लॉटरीचे तसे नाही. तेथे वाटावयाची वस्तू आधी अस्तित्वातच नसते. हरणाऱ्यांच्या पैशातूनच ती उभी करावी लागते आणि त्यातून चालविणाऱ्याचा वाटा प्रथम वेगळा काढला जातो.

म्हणून लॉटरीने चांगली कामे झालीच नाहीत, असे मात्र नव्हे. मुंबईचा टाऊन हॉल, जेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, तो १८३३ साली पूर्ण झाला आणि त्याच्या निधीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉटऱ्या काढण्यात आल्या होत्या. स्वतंत्र भारतात केरळ राज्याने १९६७ साली सरकारी लॉटरीचा पायंडा पाडला आणि १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. तेच वर्ष आपल्या भागाला दुसऱ्याही कारणाने स्मरणीय आहे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या अणुवीजकेंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. एकाच वर्षात घराघरांत दोन आशा शिरल्या. एक तिकिटाची, दुसरी प्रकल्पातील नोकरीची. दुसऱ्या आशेला शाळेच्या आणि तंत्रशिक्षणाच्या पायऱ्या होत्या. तेथवर न पोहोचलेल्या मुलाच्या हातीही काही विद्या उरत असे आणि पुढे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ती उपयोगी पडली.

सरकार ह्या धंद्यात का उतरले, हे समजण्यासाठी मटक्याकडे पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडण्याचे व बंद होण्याचे भाव तारेने मुंबईस येत आणि त्यांवर पैजा लागत. पुढे त्या भावांचा आधार सुटला, तेव्हा १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगत ह्यांनी आणि १९६४ च्या सुमारास रतन खत्री ह्यांनी पत्त्यांतून आकडे काढण्याची पद्धत रूढ केली. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मुंबईच्या गिरण्यांतून गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत गेले. ह्या बेकायदेशीर जुगाराकडे वळणारा पैसा उघड्या, तपासता येणाऱ्या आणि राज्याच्या तिजोरीत भर घालणाऱ्या मार्गाने जावा, हा सरकारी लॉटरीमागील एक हेतू होता.

येथून आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तिकिटात किती पैसे गेले, एवढाच हिशेब लोक करतात. आमच्या मते त्याहून महत्त्वाचा हिशेब मुदतीचा आहे. पैसे लावल्यापासून निकाल लागेपर्यंत किती काळ जातो आणि निकाल लागल्यावर पुन्हा पैसे लावण्याची संधी किती वेळाने येते, हे विचारावे.

एक उदाहरण घेऊ. दहा आकड्यांपैकी एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागल्यास नऊ रुपये हाती आले, तर चालविणाऱ्याकडे सरासरीने दहावा हिस्सा राहतो. ऐकावयास हा दर फारसा जाचक वाटत नाही. शंभर रुपये लावणाऱ्याचे सरासरीने नव्वद उरले, तर दहा रुपयांत करमणूक झाली असे तो म्हणेल. परंतु उरलेले नव्वद त्याने पुन्हा लावले, मग उरलेले एक्याऐंशी लावले, आणि असे दहा वेळा केले, तर सरासरीने हाती सुमारे ३५ रुपये राहतात. दर तोच, खेळ तोच. बदलला तो केवळ वेग. ह्या दहा फेऱ्या आठवड्यास एक ह्याप्रमाणे झाल्या, तर मध्ये अडीच महिने जातात. पगार होतो, बायको विचारते, मन थंड होते. त्याच दहा फेऱ्या मोबाईलवर बोईसरला गाडीत बसून उमरोळी मागे पडून पालघर येईपर्यंत आटोपतात.

आपल्या कायदेकारांना हे पूर्वीच उमगले होते. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यात एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकाहून अधिक वेळा काढू नये, एक-अंकी आकड्यावर बक्षीस ठेवू नये आणि बंपर सोडती वर्षातून सहापेक्षा अधिक नसाव्यात, अशा अटी घातल्या आहेत. त्या सर्वत्र कितपत पाळल्या गेल्या हा निराळा प्रश्न आहे. परंतु आशेला मुदत असावी, हे तत्त्व त्यांत स्पष्ट दिसते.

आठवड्याच्या तिकिटाविषयी आम्ही म्हणूनच फार कठोर होत नाही. सहा आकड्यांच्या दहा लक्ष तिकिटांतून एकच पहिले बक्षीस असेल आणि एखाद्याने दर आठवड्यास एक तिकीट घेतले, तर सरासरीने एकदा बक्षीस लागण्यास एकोणीस हजारांहून अधिक वर्षे लागतील. एवढे आयुष्य ज्ञातीत अद्याप कोणास लाभलेले नाही. मोठ्या बक्षिसावर ३० टक्के आयकर आहे, तो वेगळाच. तरीही एखादे निवृत्त गृहस्थ सणासुदीला तिकीट घेतात, आठ दिवस मनात बंगला बांधतात आणि निकालानंतर कागद फाडून टाकतात, तर त्यांनी नाटकाच्या तिकिटाप्रमाणे एक करमणूक विकत घेतली एवढेच म्हणावे. तिची किंमत ठरलेली होती आणि शेवटही ठरलेला होता.

बिघाड होतो तो शेवट पुढे ढकलला गेला म्हणजे. “एका आकड्याने हुकले!” हे उद्गार आपण सर्वांनी ऐकले आहेत. नंबर ४५२३१७ लागला आणि आपल्या हातात ४५२३१८ असला, तर मनुष्य हळहळतो, आणि पुढच्या वेळी नक्की, असे म्हणतो. वस्तुतः शेजारच्या आकड्याचा बक्षिसाशी यत्किंचितही संबंध नसतो. ०००००१ हा आकडा जितका दूर, तितकाच तोही दूर. पण मनाला हे पटत नाही. केंब्रिज येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, थोडक्यात हुकल्यावर खेळणाऱ्यास वाईट वाटते, तथापि त्याच वेळी पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते आणि मेंदूतील जिंकल्यावर चेतणारे भागच काही प्रमाणात चेततात. त्याच्या उलट भ्रमही तितकाच जुना आहे. पुष्कळ वेळा हरलो, आता आपली पाळी आली, असे माणसास वाटते. १९१३ साली माँटे कार्लोच्या जुगारगृहात चक्रावरची गोळी लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडली. आता तांबडे येणारच म्हणून लोक पैसे वाढवीत गेले आणि धुऊन निघाले. गोळीला मागची आठवण नसते.

मोबाईलवरील खेळांत ह्या दोन्ही भ्रमांचा उपयोग हिशेबाने करून घेतलेला असतो. वडीलधाऱ्यांच्या माहितीसाठी थोडे सांगतो. पुष्कळ खेळ फुकट असतात. बुद्धीचे, नेमबाजीचे, चार मित्रांनी मिळून खेळावयाचे असे ते असतात आणि त्यांत कौशल्य वाढते हे खरे आहे. त्यांस सरसकट जुगार म्हणणारे वडील मुलांचा विश्वास गमावतात, असे आमचे निरीक्षण आहे. परंतु ह्यांतील काही खेळांत बंद पेट्या विकत मिळतात. पैसे भरून पेटी उघडावयाची. आत साधा पोशाख निघेल किंवा दुर्मीळ शस्त्र निघेल, ते आधी कळत नाही. चीनने २०१७ पासून अशा पेट्यांत कोणती वस्तू निघण्याचा संभव किती, हे जाहीर करण्याची सक्ती केली. जपानमध्ये चित्रांचा पूर्ण संच जमविल्यास मोठे बक्षीस देणारा प्रकार २०१२ साली बंद पाडण्यात आला. बेल्जियमने २०१८ साली पैसे देऊन उघडावयाच्या पेट्यांस जुगारच ठरविले.

संभव जाहीर केला तरी तो वाचता आला पाहिजे. पेटीत दुर्मीळ वस्तू निघण्याचा संभव एक टक्का आहे असे लिहिलेले असले, तर शंभर पेट्या उघडल्यावर ती मिळणारच, असे मुलांस वाटते. गणित तसे सांगत नाही. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तर त्यांतील सुमारे ३७ मुले रिकाम्या हातानेच परततील. आमच्या शिक्षक बंधूंनी संभाव्यतेचा धडा शिकविताना फासे आणि नाणी बाजूस ठेवून हेच उदाहरण घ्यावे, अशी आमची विनंती आहे. वर्ग जागा राहील.

कबूतर दाण्यासाठी किती वेळा चोच मारील, ह्याचे प्रयोग स्किनर आणि फर्स्टर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी केले आणि १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ठरलेल्या संख्येनंतर दाणा मिळत असेल तर पक्षी दाणा मिळाल्यावर थोडा विसावतो. दाणा केव्हा मिळेल ह्याचा नेमच नसेल तर तो न थांबता चोच मारीत राहतो. मूल रात्री दोन वाजता मोबाईल ठेवीत नाही, तेव्हा त्यास आळशी किंवा उनाड म्हणण्यापूर्वी हा प्रयोग आठवावा. जागतिक आरोग्य संघटनेने खेळावरील ताबा सुटण्याच्या अवस्थेचा समावेश २०१९ साली मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात केला आहे. असे प्रत्येक मूल आजारी नसते. परंतु झोप, शाळा आणि जेवण दीर्घकाळ सुटले तर देवर्षीकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.

आमच्या पाहण्यातील एका तरुणाची हकीकत सांगतो. औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा, निर्व्यसनी, घरचा मोठा मुलगा. नावाचे येथे प्रयोजन नाही. रात्रपाळीच्या सुट्टीत तो मोबाईलवर पैसे लावून रमी खेळू लागला. आरंभी काही शे रुपये जिंकला. पुढे पगार गेला, मग मोबाईलवरूनच मिळणारे कर्ज आले, मग आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या. त्याच्या चुलत्याने त्यास जवळ बसवून विचारले, “बाळा, एकूण गेले तरी किती?” तो म्हणाला, “काका, गेले नाहीत हो, अडकलेत. एक मोठा डाव लागला की सुटतील.” आम्ही हे ऐकले आणि सुन्न झालो. त्या मुलाला पैशाचा लोभ नव्हता. पाटल्या सोडवून आणावयाच्या होत्या. गेलेला पैसा गेला, असे म्हणण्याची मुभाच त्याच्या आशेने त्यास ठेवली नव्हती. चुलत्याने एक शहाणपणाचे काम केले. शिव्या दिल्या नाहीत, कर्जाची यादी कागदावर लिहविली, आणि वरच्या ओळीवर ‘गेले’ हा शब्द त्याच्याच हाताने लिहविला. पाटल्या अद्याप सुटलेल्या नाहीत. हप्ते चालू आहेत.

सरकारी अंदाजाप्रमाणे देशातील ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षास सुमारे २० हजार कोटी रुपये गमावीत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत वा नशिबाचे, चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास ह्या कायद्याने मनाई केली. शिक्षा चालविणाऱ्यास आहे, खेळणाऱ्यास नाही. म्हणून ज्यांच्या घरी असा प्रसंग घडला असेल त्यांनी पोलिसांच्या भीतीने तो झाकून ठेवू नये. कायद्याने सर्व वाटा बुजतात असे मात्र समजू नका. मटका १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या नाकावर टिच्चून भरभराटला होता.

आणखी एक शंका येथे कोणी विचारील की, समजा बक्षीस लागलेच, तर? १९७८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या लॉटरीतील २२ विजेत्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ते शेजाऱ्यांपेक्षा विशेष सुखी आढळले नाहीत आणि साध्या गोष्टींतील त्यांचा आनंद कमी झालेला दिसला. ही पाहणी आमच्याकडील वक्ते मोठ्या समाधानाने सांगतात. परंतु ती फार लहान होती. स्वीडनमधील विजेत्यांचा पुष्कळ मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात मोठी रक्कम मिळालेल्यांचे जीवनाविषयीचे समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेले आढळले. पैशाने सुख येतच नाही, हे गरिबांना सांगणे आम्हांस रुचत नाही. आपल्या जिल्ह्यात द्रुतगती रेल्वेसाठी जमिनी गेल्या, बोईसरला त्या गाडीचे स्थानक होत आहे, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मोबदल्याची रक्कम काही घरांत एकदम येते. ती लॉटरी नव्हे, वाडवडिलांच्या जमिनीची किंमत आहे. तिच्यावर घरातील चार माणसांच्या सह्यांचे कुलूप असावे, आणि बँकेचा जोडलेला मोबाईल मुलाच्या खेळण्याच्या मोबाईलहून वेगळा असावा, एवढेच तूर्त सांगतो.

आता मूळ सूचना. शासनाने अधिकृत न केलेल्या लॉटरीसाठी कचेरी चालविणे हा पूर्वीच्या दंड संहितेच्या २९४-अ कलमाखाली अपराध होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९७ कलमाखाली आहे. तेव्हा वकिलांचा सल्ला घेतल्यावाचून तिकीट छापू नये, हे उघडच आहे. परंतु कायद्याची अडचण नसती तरी आम्ही ह्या सूचनेस विरोधच केला असता. ज्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी हवा, त्यांच्याच हाती तिकीटपुस्तके देऊन आपण त्यांना आशा विकावयास शिकविणार. दुचाकीच्या लोभाने शंभर रुपये देणारा गृहस्थ निकालाच्या दिवशी आपण विद्यार्थ्यांसाठी दिले हे विसरतो आणि आपले बुडाले असे म्हणतो. त्यापेक्षा शंभर रुपये उघड मागावेत. पावती द्यावी, आणि त्यातून कोणाची फी भरली गेली, त्या इयत्तेचा व रकमेचा उल्लेख पुढल्या वर्षीच्या अंकात छापावा.

चिठ्ठीचा उपयोग मात्र मंडळाने अवश्य करावा. दर वर्षी साहाय्यासाठी अर्ज अधिक येतात आणि रक्कम अपुरी पडते. गुण व गरज सारखी असलेल्या अर्जदारांत निवड करताना कार्यवाहांवर पक्षपाताचा ठपका येतो, तो आपण सर्वांनी ऐकला आहे. अशा समान अर्जांची नावे संमेलनाच्या दिवशी, सर्वांसमक्ष, एखाद्या लहान मुलीच्या हातून काढावीत. ज्यांची चिठ्ठी निघणार नाही त्यांची नावे त्याच सभेत वाचून पुढील वर्षाच्या यादीत सर्वांत वर लिहावीत. हा ठराव आम्ही लेखी स्वरूपात चिटणीसांकडे दिला असून दुपारच्या सर्वसाधारण सभेत तो चर्चेस येईल.